माळ्यावरचं घर कुणाचं?

आपल्याकडे लॉफ्ट म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराच्या वर असलेला दोन-अडीच फूट उंचीचा कप्पा. त्यात जुन्या बॅगा, गणपतीच्या मखराचं सामान, आकाशकंदील, आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं आणि कधीच न लागलेलं बरंच काही. चाळीतल्या खोलीत याच जागेला पोटमाळा म्हणायचे, आणि तिथे सामानाबरोबर घरातली दोन-चार माणसंही झोपायची. म्हणजे लॉफ्ट ही आपल्याला अगदीच परकी वस्तू नाही. पण आज जाहिरातींमध्ये लॉफ्ट म्हणून जे दाखवतात ते वेगळं असतं. उघड्या विटांची भिंत, चौदा फुटांचं छत, लोखंडी जिना, अर्ध्या उंचीवर टांगलेली झोपायची जागा. हे चित्र आलं कुठून?

ते आलं न्यूयॉर्कच्या एका छोट्याशा भागातून. सोहो त्याचं नाव. आज आपण त्याची गोष्ट बघणार आहोत. पण नुसतं वास्तुशैलीचं वर्णन करायचं नाहीये. माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे, आणि भाड्याच्या घरात राहिलेल्या कुणालाही तो समजेल. जागा मालकाची. ती राहण्यालायक मुळीच नव्हती. भाडेकरूने स्वतःच्या पैशाने नळ आणला, मोरी केली, फरशी घासली, माळा बांधला. आता त्या जागेची किंमत वाढली. ही वाढलेली किंमत कुणाची? सोहोमध्ये या प्रश्नाची निदान तीन वेगवेगळी उत्तरं दिली गेली. ती तिन्ही पाहू.

आधी इमारतींकडे येऊ. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात हाउस्टन नावाचा रस्ता आहे. न्यूयॉर्कचे लोक त्याचा उच्चार 'हाउस्टन' असाच करतात, टेक्सासमधल्या शहरासारखा 'ह्यूस्टन' नाही. त्याच्या दक्षिणेचा भाग तो सोहो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे राहती घरं होती. १८५०च्या सुमारास चित्र बदललं. ब्रॉडवेवर मोठी दुकानं, हॉटेलं आली, आणि मागच्या गल्ल्यांमध्ये कापडाच्या व्यापाऱ्यांची गोदामं आणि कारखाने उभे राहिले. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५. आपल्याला हे युद्ध आठवतं ते मुंबईच्या कापसामुळे. अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपलं, मुंबईतला फुगा फुटला, आणि तिकडे न्यूयॉर्कमध्ये कापडाचा धंदा पुन्हा जोरात सुरू झाला. सोहोमधल्या बऱ्याच इमारती त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतल्या आहेत.

या इमारतींचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा दर्शनी भाग. तो दगडाचा वाटतो. खांब, कमानी, वेलबुट्टी, सगळं इटलीतल्या एखाद्या राजवाड्यासारखं. पण जवळ जाऊन लोहचुंबक लावलं तर चिकटतं! कारण ते बीड आहे, ओतीव लोखंड. आपल्याकडे बिडाचा तवा असतो ना, तेच. साच्यात खांब ओतायचे, कमानी ओतायच्या, जागेवर आणून बोल्टने जोडायच्या आणि दगडासारखा रंग द्यायचा. कॅटलॉगमधून निवडून दर्शनी भाग मागवता यायचा. ब्रॉडवेवर ४८८ क्रमांकाची हॉवट बिल्डिंग आहे, १८५७ची, पाच मजल्यांची. आपण १८५७ म्हटलं की दुसरंच काही आठवतो. त्याच वर्षी या इमारतीत ओटिसने माणसांची ने-आण करणारी लिफ्ट बसवली. तिचा लोखंडी दर्शनी भाग डॅनियल बॅजरच्या कारखान्यात ओतलेला.

आता आपल्याकडे असं काही आहे का? आहे. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला आणि १८६०च्या दशकाच्या शेवटी इथे जोडला. फरक इतकाच की वॉटसनमध्ये सगळा सांगाडाच लोखंडी आहे. सोहोमध्ये बहुतेक ठिकाणी लोखंड फक्त रस्त्याच्या बाजूला. आत डाव्या-उजव्या बाजूला विटांच्या जाड भिंती, त्यांच्यावर टेकलेल्या लाकडी तुळया आणि वर फळ्यांची जमीन. इमारत रुंद असेल तर मध्ये खांबांची एक रांग.

लोखंड कशासाठी? बीड दाब सहन करतं, त्यामुळे बारीक खांबावर मोठं वजन पेलता येतं. खांब बारीक म्हणजे खिडक्या मोठ्या. विजेचे दिवे नसलेल्या काळात खिडकी हाच दिवा. न्यूयॉर्कमधला नेहमीचा प्लॉट पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल. दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारती चिकटलेल्या. उजेड येणार तो फक्त पुढून आणि मागून. म्हणून छत उंच, बारा-चौदा फुटांचं, आणि खिडक्या जवळजवळ छतापर्यंत. उजेड जितका आत जाईल तितकी कामाची जागा जास्त. तळघरात उजेड जावा म्हणून फुटपाथमध्येच लोखंडी चौकटीत जाड काचेची भिंगं बसवलेली असायची. आजही तिथे चालताना ती पायाखाली दिसतात. आतल्या मजल्यावर मात्र भिंत नाही, खोली नाही. एक सलग मोकळा मजला. त्यालाच न्यूयॉर्कमध्ये लॉफ्ट म्हणायचे. शब्द जुना आहे, उत्तर युरोपातून आलेला, मूळ अर्थ हवा, वरची जागा. आपला माळाच म्हणा ना.

विसाव्या शतकात मोठा व्यापार शहराच्या उत्तरेकडे सरकला. सोहोत मागे राहिले छोटे कारखाने. कपडे शिवणारे, खोकी बनवणारे, चिंध्या आणि रद्दीचा व्यापार करणारे. लाकडी जमिनी यंत्रांचं तेल पिऊन काळ्या झालेल्या. कागद आणि चिंध्या छतापर्यंत रचलेल्या. अशा ठिकाणी आग लागली तर काय होणार? बिडाचा तापलेला तवा गार पाण्यात घातला तर तडकतो, हे आपल्याकडच्या कुणालाही माहीत असतं. तेच खांबाचं होऊ शकतं. १४ फेब्रुवारी १९५८ला वूस्टर स्ट्रीटवरच्या कागद आणि सुतळीच्या एका गोदामाला आग लागली, इमारत कोसळली आणि आग विझवायला गेलेले सहा जण मेले. अग्निशमन दलात या भागाला नावच पडलं होतं, नरकाचे शंभर एकर.

दुसरं संकट नकाशावर होतं. रॉबर्ट मोझेस हे न्यूयॉर्कचे रस्ते-पूल बांधणारे अतिशय ताकदवान अधिकारी. त्यांची योजना होती की मॅनहॅटनच्या आरपार, ब्रूम स्ट्रीटवरून, दहा पदरी उन्नत महामार्ग न्यायचा. म्हणजे सोहोच्या मधोमध. ही योजना दोन-तीन दशकं लटकत राहिली. आता विचार करा, तुमची इमारत उद्या पाडली जाणार असेल तर तुम्ही तिला रंग द्याल का? छत दुरुस्त कराल का? मालकांनी काहीच केलं नाही. इमारती मोडकळीला आल्या, भाडी पडली. १९६२मध्ये सिटी क्लब नावाच्या प्रतिष्ठित संस्थेने या भागाला चक्क ओसाड जमीन ठरवलं.

तेव्हा शहराच्या नियोजन विभागाने चेस्टर रॅपकिन या अर्थशास्त्रज्ञाला पाहणी करायला सांगितलं. त्यांचा अहवाल १९६३चा. त्यांनी दाखवून दिलं की हा भाग ओसाड नाही. इथल्या कारखान्यांत हजारो माणसं काम करतात. त्यांत बायका खूप, काळे आणि पोर्तो रिकोहून आलेले कामगार खूप. स्वस्त जागा गेली तर हे रोजगार जातील. या कामगारांचा मी शेवटी पुन्हा उल्लेख करणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

महामार्गाविरुद्ध लढा उभा राहिला. त्यात जेन जेकब्स होत्या, शहर कसं जगतं यावर लिहिणाऱ्या. १९६८मध्ये एका जाहीर सुनावणीत गोंधळ झाला आणि त्यांना अटकही झाली. १९६९मध्ये महापौर लिंडसे यांनी योजना सोडून दिली. गंमत बघा. महामार्ग झाला असता तर सोहो संपलं असतं. आणि महामार्ग होणार होणार म्हणत राहिले म्हणूनच सोहो स्वस्त राहिलं, आणि स्वस्त राहिलं म्हणून तिथे चित्रकार आले.

चित्रकार, शिल्पकार मंडळींना काय हवं होतं? उंची, उजेड, आणि कमी भाडं. मोठा कॅनव्हास ठेवायला भिंत हवी, जड शिल्पं चढवायला मालवाहू लिफ्ट हवी. हे सगळं गोदामात होतं. फक्त तिथे राहायला कायद्याने बंदी होती. व्यापारी भाडेकरार, त्यात काम करा, पण झोपू नका. म्हणून रात्री खिडक्यांना काळे पडदे, अंथरूण गुंडाळून लपवलेलं, तपासनीस आला तर चूल झाकायची. संध्याकाळी पाचनंतर आणि शनिवार-रविवारी इमारतीची वाफेची उष्णता बंद, कारण कारखान्यांना सुट्टी. न्यूयॉर्कच्या जानेवारीत हे काय असेल याची कल्पना करा. घरगुती कचरा न्यायला गाडी नाही. संडास जिन्याच्या टप्प्यावर.

१९६१मध्ये कलाकारांच्या भाडेकरू संघटनेने धमकी दिली की आम्ही आमची चित्रं प्रदर्शनात मांडणारच नाही. म्हणजे एक प्रकारचा संपच. शहराने तडजोड केली. ज्या मजल्यावर कलाकार राहतो तो मजला दाखवणारी एक छोटी पाटी दारावर लावायची, तीन अक्षरांची, ए.आय.आर. अर्थ, इथे कलाकार राहतो. ती पाटी कुणासाठी? पाहुण्यांसाठी नाही. आग लागली तर वर माणूस आहे हे बंबवाल्यांना कळावं म्हणून. म्हणजे घर म्हणून शहराने त्या जागेला दिलेली पहिली ओळख ही होती की इथून कुणाला तरी वाचवावं लागेल.

१९६४मध्ये कायद्यात एक कलम आलं, पण त्याच्या अटी इतक्या जड की फार थोड्या इमारती त्यात बसायच्या. बाकीचे तसेच राहिले, बेकायदा.

आता घर तयार कसं केलं जायचं ते पाहू. कारण आजच्या जाहिरातीतला तो वर-खाली पातळ्यांचा लॉफ्ट सुरुवातीला हौसेतून आला नाही, तो मुख्यतः अडचणीतून आला. पंचवीस फूट रुंद, शंभर फूट खोल मजला. पाण्याचा उभा पाइप कुठेतरी एका भिंतीला. तुम्हाला मोरी आणि संडास करायचाय. सांडपाणी वाहायला उतार लागतो, साधारण दर फुटाला पाव इंच. पाइपापासून वीस फूट दूर मोरी केली तर पाच इंचांचा उतार हवा. हा पाइप जमिनीखालून नेता येत नाही, कारण तुमची जमीन म्हणजे खालच्या मजल्याचं छत, आणि तिथे शिलाई यंत्रं चालू आहेत. मग काय करणार? मोरीच वर उचलायची. लाकडी चौथरा बांधायचा, त्याच्या पोटातून पाइप न्यायचा, आणि दोन पायऱ्या चढून अंघोळीला जायचं. ही पहिली पातळी.

दुसरी पातळी मधल्या अंधारातून आली. खिडक्या फक्त पुढे आणि मागे. पुढचा उजेड कामाला हवा. मागचा उजेडही सोडवत नाही. मग मोरी, स्वयंपाकघर, कपाटं यांचा एक डबा मजल्याच्या मध्यभागी, जिथे अंधार आहे तिथे. या डब्याला सात फूट उंची पुरते. वर चौदा फुटांपैकी उरलेली जागा रिकामीच. तिथे फळ्या टाका, शिडी लावा, गादी टाका. झाला पोटमाळा! शिवाय गरम हवा वर जाते. शनिवारी रात्री इमारतीतली वाफ बंद झाल्यावर छताजवळची थोडी ऊब राहायची. गिरणगावातल्या खोलीत पोटमाळा गर्दीमुळे आला, इथे थंडी आणि अंधारामुळे. पण सुतारकाम साधारण तेच.

हे करायला कारागीर कोण? आपापलेच. एकाला वायरिंग जमायचं, दुसऱ्याला विटकाम. कोण कुणाला शिकवायचा, कोण कुणाकडे मजुरी करायचा. फिलिप ग्लास नावाचे संगीतकार आहेत, गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावर 'सत्याग्रह' नावाचा ऑपेरा त्यांनी केला, म्हणून आपल्याकडे काहींना नाव माहीत असेल. ते तेव्हा पोटासाठी प्लंबिंग करायचे. त्यांनीच सांगितलेली गोष्ट आहे. सोहोमध्ये एका लॉफ्टमध्ये ते भांडी धुण्याचं यंत्र बसवत होते. मागे आवाज झाला म्हणून पाहिलं तर घरमालक उभे, आणि ते होते रॉबर्ट ह्यूज, 'टाइम' मासिकाचे कलासमीक्षक. ह्यूज यांचा विश्वासच बसेना. तुम्ही तर कलाकार आहात, इथे काय करताय? ग्लास म्हणाले, मी प्लंबरही आहे, आणि काम आता होतच आलंय.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. एवढी मेहनत घातली, ती कुणाची?

पहिलं उत्तर दिलं जॉर्ज मॅचुनस यांनी. मूळचे लिथुआनियाचे, फ्लक्सस या कलाचळवळीचे सूत्रधार, आणि शिक्षणाने वास्तुकलेतले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. भाड्याने घेऊ नका, मिळून विकत घ्या. १९६७मध्ये ८० वूस्टर स्ट्रीट ही इमारत त्यांनी सहकारी तत्त्वावर घेतली. सुरुवातीला एका खाजगी निधीची आणि सरकारी कलासंस्थेची थोडी मदत मिळाली. तळमजल्यावर जोनास मेकस यांचं सिनेमागृह. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखंच हे. प्रत्येकाचा एक मजला, प्रत्येकाचा हिस्सा, आतलं काम ज्याने त्याने करायचं, सामायिक पाइप आणि लिफ्ट सगळ्यांची. पुढच्या काही वर्षांत त्यांनी अशा डझनभराहून जास्त इमारती उभ्या केल्या.

अडचण अशी की हे सगळं बेकायदाच होतं. तिथे राहायला परवानगी नव्हती, आणि हिस्से विकताना राज्याच्या महाधिवक्त्याकडे जी कागदपत्रं द्यावी लागतात ती त्यांनी दिली नव्हती. एका इमारतीचे पैसे दुसऱ्या इमारतीत फिरायचे, त्यामुळे हिस्सेदारही चिडायचे. सरकारी माणसं समन्स घेऊन येऊ नयेत म्हणून त्यांनी आपल्या दारावर बाहेरच्या बाजूला धारदार पाती बसवली होती. १९७५मध्ये विजेच्या कामाच्या थकलेल्या पैशांच्या वादातून त्यांना बेदम मारहाण झाली, त्यात एक डोळा गेला. १९७८मध्ये ते वारले. स्वतः श्रीमंत झाले नाहीत. पण ज्यांनी त्यांच्याकडून हिस्से घेतले ते मात्र आपापल्या मजल्याचे मालक झाले, आणि पुढे किमती वाढल्या तरी त्यांना कुणी हलवू शकलं नाही.

दुसरं उत्तर डोनल्ड जड यांचं. ते शिल्पकार. १९६८मध्ये त्यांनी स्प्रिंग आणि मर्सर या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची १०१ स्प्रिंग स्ट्रीट ही अख्खी इमारत घेतली, ६८ हजार डॉलरला. १८७०ची, पाच मजल्यांची, कोपऱ्यावर असल्यामुळे दोन बाजूंना लोखंड आणि काच. त्यांनी स्वतःला घातलेल्या अटी कडक होत्या. मजले मोकळे राहतील, खिडक्यांच्या ओळी कशानेही तुटणार नाहीत, आणि जे काही बदल करू ते इमारतीच्या स्वभावाला धरून असतील. म्हणून त्यांनी एका मजल्याचे तुकडे केलेच नाहीत. एका मजल्यावर स्वयंपाक आणि जेवण, एका मजल्यावर काम, सगळ्यात वर झोपणं. खोल्या आडव्या मांडण्याऐवजी उभ्या रचल्या. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा कसा करायचा, यावर मजल्यागणिक वेगळा विचार. चित्रं, शिल्पं कायमची एका जागी मांडलेली, हलवायची नाहीत.

हे उत्तर म्हणजे सरळ मालकीचं. मेहनत माझी, इमारत माझी. ते सुंदर आहे, पण किती जणांना परवडणारं? अख्खी इमारत घेण्याएवढे पैसे तेव्हाही बहुतेक कलाकारांकडे नव्हते.

दरम्यान कायदा हळूहळू जवळ येत होता. जानेवारी १९७१मध्ये शहराने नियम बदलले आणि सोहोत कलाकारांना राहणं आणि काम करणं एकत्र करायची मुभा दिली, पण फक्त शहराकडून कलाकार म्हणून दाखला घेतलेल्यांना. मार्गो गेल नावाच्या बाई लोहचुंबक घेऊन लोकांना या इमारती दाखवत फिरायच्या, त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांमुळे ऑगस्ट १९७३मध्ये सुमारे २६ ब्लॉक आणि ५०० इमारती ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर झाल्या. आता पाडापाडी थांबली. आणि किमती चढायला लागल्या. मासिकांत लॉफ्टचे फोटो यायला लागले. वकील, दलाल, शेअरबाजारवाले यांनाही तसंच घर हवं होतं, आणि दाखला कोण तपासतोय?

मग तिसरी गोष्ट सुरू झाली. ज्यांनी फक्त भाड्याने घेतलं होतं त्यांच्या करारांची मुदत संपायला लागली. मालक म्हणायचा, करार व्यापारी होता, तुम्ही इथे राहता हेच बेकायदा, निघा. आणि ते न्हाणीघर, तो माळा, ती घासून पॉलिश केलेली जमीन, ते सगळं इथेच राहू द्या. पुढच्या भाडेकरूकडून त्याचेच पैसे घेता येतात. भाडेकरूंमध्येही एक पद्धत रूढ झाली होती. जागा सोडताना येणाऱ्याकडून केलेल्या कामाचे पैसे घ्यायचे. आपल्या पागडीचं भावंडच म्हणा. फरक एवढा की पागडी ताब्याची असते, ही रक्कम निदान नावाला नळ, संडास आणि फळ्यांची होती.

जून १९८२मध्ये न्यूयॉर्क राज्याने लॉफ्ट कायदा केला. हे तिसरं उत्तर. ज्या व्यापारी इमारतीत १ एप्रिल १९८० ते १ डिसेंबर १९८१ या काळात तीन किंवा अधिक कुटुंबं स्वतंत्रपणे राहत होती, ती इमारत घर मानली जाईल. भाडेकरूला काढता येणार नाही. आग, पाणी, सुटकेच्या वाटा यांच्या नियमांत इमारत बसवायची जबाबदारी मालकाची. त्याचा काही खर्च भाड्यात वसूल होईल, पण नंतर भाड्यावर नियंत्रण राहील. आणि आपल्या प्रश्नासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम हे की भाडेकरूने केलेल्या सुधारणा ही भाडेकरूची विकता येण्याजोगी गोष्ट आहे. जाताना तो त्या नव्या भाडेकरूला विकू शकतो. मालकाला हव्या असतील तर बाजारभावाने आधी घ्यायचा हक्क त्याचा, पण पैसे मोजून. फुकट नाही.

ही साधी गोष्ट नाहीये. मालमत्तेच्या जुन्या कायद्यात जे भिंतीला खिळ्याने ठोकलं ते भिंतीच्या मालकाचं. इथे कायद्याने म्हटलं की घर बनवण्याचं श्रम वेगळं मोजता येतं. अर्थात पळवाटही होती. मालकाने सुधारणा विकत घेतल्या की बऱ्याचदा त्या जागेवरचं भाड्याचं बंधन सुटायचं, आणि मालक त्यासाठी आनंदाने पैसे मोजायचे. म्हणजे राहणाऱ्याला मोबदला मिळायचा, पण स्वस्त घर कमी व्हायचं.

त्याच वर्षी शॅरन झुकिन या समाजशास्त्रज्ञ बाईंचं लॉफ्टमधल्या राहणीवरचं पुस्तक आलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की कलाकारांनी जागा शोधल्या हे खरं, पण त्यामागे जमिनीचं भांडवल काम करत होतं. कारखान्यांची जागा घरांना देणं मालकांच्या फायद्याचं होतं, आणि कला त्याला चांगलं नाव देत होती.

आज तिथे लॉफ्ट नव्याने करायचा असेल तर प्रश्न वेगळे आहेत. बाहेरच्या लोखंडाला, खिडकीच्या चौकटीला हात लावायचा तर वारसा आयोगाची परवानगी. गच्चीवर एक पातळी वाढवायची असेल तर ती रस्त्यावरून दिसते का हे पाहायला आधी लाकडाची खोटी चौकट उभी करून दाखवावी लागते. जड १९९४मध्ये वारले. त्यांची इमारत त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने दुरुस्त करून २०१३मध्ये लोकांसाठी उघडली. बिडाचे शेकडो तुकडे सोडवून, दुरुस्त करून किंवा नव्याने ओतून परत बसवले. आगीच्या नियमांसाठी लागणारी यंत्रणा अशा बेताने बसवली की मजले पूर्वीसारखेच मोकळे दिसावेत. खर्च सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर. ६८ हजारांची इमारत! आणि डिसेंबर २०२१मध्ये शहराने नियम पुन्हा बदलले. कलाकारांसाठी राखलेली जागा साध्या घरात बदलायची तर चौरस फुटाला १०० डॉलर कलानिधीत भरायचे, असं तेव्हा ठरलं. त्यावरून कोर्टकज्जे झाले. म्हणजे साठ वर्षांनंतरही वाद तोच आहे, या मजल्यावर वाढलेल्या किमतीतला वाटा कुणाचा.

आता ते कामगार. रॅपकिन यांच्या अहवालातल्या त्या शिवणाऱ्या बायका, खोकी बांधणारे पोर्तो रिकन. सहकारी संस्थेत त्यांना हिस्सा नव्हता. इमारत घ्यायला पैसे नव्हते. आणि लॉफ्ट कायदा त्यांना लागूच नव्हता, कारण ते तिथे झोपत नव्हते, फक्त काम करत होते. कारखाने गेले तसे तेही गेले, आणि त्यांच्या नावावर विकण्यासारखी एकही सुधारणा नव्हती. मी कलाकारांचं श्रेय कमी करत नाही. त्यांनी थंडीत, बेकायदा, स्वतःच्या हातांनी घरं उभी केली आणि त्या श्रमाची किंमत कायद्याकडून मोजून घेतली. ही मोठी गोष्ट आहे. पण ज्या फळ्या त्यांनी घासून चकचकीत केल्या, त्यांच्यातलं तेल ज्यांच्या यंत्रांचं होतं, त्यांचा हिशेब तिन्ही उत्तरांत कुठेच येत नाही. एखादी जुनी गिरणी किंवा गोदाम नवं होताना आपण बघतो, तेव्हा नळ कुणी आणला हे विचारूच. पण त्याच्या आधी तिथे काम कोण करत होतं, आणि ते आता कुठे आहेत, हेही विचारायला हवं.

इथे थांबतो.